परिपत्रकांत ठेवलेला पाला

आधीच सांगून टाकते, पाल्याचं नाव मी सांगणार नाही. झाड उंच की बुटकं, पान गुळगुळीत की खरखरीत, यातलं अवाक्षर तोंडातून काढणार नाही. त्यासाठी कान टवकारून बसला असाल तर उठा आणि आपापल्या कामाला लागा. मला सांगायचं आहे ते लॅपटॉपचं. घरी आमची बोली वेगळी आहे, पण तुम्हाला कळावं म्हणून शाळेतल्या मराठीत सांगते.

मी प्रमिला. जव्हारला एका संस्थेच्या ऑफिसात कामाला आहे, राहते दाभोशाला, जाते-येते जीपनं. घरात तीन माणसं. मी, माझी आई सुकरी आणि माझा आजा ढवळू, म्हणजे बापाचा बाप. आजा मोडलेलं हाड बसवायचा. मोखाड्यापासून लोक जीप करून यायचे, कुणी ताडावरून पडलेला, कुणी मोटरसायकलवरून. आजा हाड चाचपून जागेवर आणायचा, वर पाला लावायचा आणि बांबूच्या कामट्या बांधायचा. कामट्या आई तासायची, पाला आई गरम करायची. पण पाला घरात यायचा तो कुटलेला, फडक्यात बांधलेला. कोणत्या झाडाचा, ते आजानं तिला सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

आई तशी विचारणाऱ्यांतली नाहीच. माझा बाप देवानंद मी लहान असताना भिवंडीकडे वीटभट्टीवर गेला आणि तिकडेच वारला. त्याला गावी आणलं तेव्हा आई रडली नाही. दिवसकार्यालाही नाही. अख्ख्या पाड्यानं नावं ठेवली, बाई नाही दगड आहे म्हणाले, अजून म्हणतात. मीही तिला त्याबद्दल कधी विचारलं नाही.

पाला मला द्यायचा, हे आजाचं आधीपासून ठरलेलं. खोकल्याचा, गुरांच्या पोटफुगीचा, असे बारीकसारीक पाले त्यानं मला रानात हिंडून दाखवले. हाडाचा तेवढा राहिला. तो मोठा, आणि त्याचा नियम कडक. एकानं एकालाच सांगायचा, एकदाच सांगायचा. सांगणाऱ्याचं तोंड आणि ऐकणाऱ्याचा कान, बस. तिसऱ्या कानात गेला की त्यातला गुण गेला, मग तो आणि शेळीचा चारा सारखाच. आणि घ्यायचा दिवाळीच्या तोंडावर वाघोबाला पुजतात त्या वाघबारशीला, दिवस मावळायच्या आत, दुसऱ्या कुठल्या दिवशी नाही.

पण यंदा आजाच्या गुडघ्यांनी दावा मांडला. रानात जाऊन दाखवणं होईना. मी म्हटलं, "नुसतं सांग की मग." तर म्हणाला, "तुला नाही सांगता येत. तू मध्येमध्ये प्रश्न विचारतेस." हे खरं आहे, मी विचारते. न विचारता माणसाला समजतं कसं, हेच मला समजत नाही.

मग मी मोबाइल काढला. म्हटलं, हे लाल बटण दाब, ह्यात सांगून ठेव, मी वाघबारशीला ऐकेन.

त्यानं मोबाइल उलटा-सुलटा केला. "ह्याला कान आहे का?"

"आत माइक असतो."

"म्हणजे कान?"

"म्हणजे आवाज आत जातो आणि आत राहतो."

"त्याला समजतो?"

"समजत नाही."

"मग तो कान नाही. मडकं आहे," आजा म्हणाला, आणि मोबाइल घेऊन शेताच्या बांधावर जाऊन बसला. लांबून मला त्याची नुसती पाठ दिसत होती. परत आला तेव्हा मोबाइल माझ्या हातात देऊन म्हणाला, "एकटीनं ऐक."

आता माझा मोबाइल म्हणजे पाड्याची विहीर. जो येतो तो घेतो, गाणी लाव, फोटो दाखव, कुणाला फोन लाव. त्यात पाला ठेवायचा म्हणजे झालंच. लॅपटॉपला मात्र घरात कुणी हात लावत नाही, भितात. म्हणून मी ते रेकॉर्डिंग लॅपटॉपवर टाकलं. टाकताना एक प्रश्न पडला. आजा म्हणतो एकदाच सांगायचं, मग कॉपी केली तर ते दोनदा होतं का? मी कट-पेस्ट केलं. कट-पेस्ट म्हणजे घर बदलणं, सांगणं नव्हे, असं मी माझ्या मनाला बजावलं. मनानं मान हलवली, पण मनापासून नाही.

भात निसवत होतं त्या दिवसांत आजाला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. नाशिकला नेऊन आणला, जीव वाचला. पण आता तोंडातून "हां" एवढंच निघतं. हो म्हणायचं तरी हां, नको म्हणायचं तरी हां, मान कशी हलते त्यावरून आपण ओळखायचं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आजाचा पालाच नाही, आजाचा आवाजसुद्धा आता त्या एकाच मडक्यात उरलाय. खरं सांगते, त्या रात्री मला पाल्याची आठवणही झाली नाही. मला नुसता त्याचा आवाज हवा होता. पण वाघबारस लांब होती आणि शब्द म्हणजे शब्द.

आणि नेमका तेव्हाच लॅपटॉप बिघडला. चालू व्हायचा, तापायचा आणि फटकन बंद पडायचा.

ऑफिसातला तुषार ह्या बाबतीत शहाणा. म्हणजे त्याला तसं वाटतं. तो म्हणाला, "दुकानात द्यायच्या आधी बँकेचं सगळं बंद कर, पासवर्ड बदल, महत्त्वाचं असेल त्याची कॉपी काढ, आणि मेकॅनिकच्या शेजारी स्वतः बसून राहा. ही माणसं सगळं उघडून बघतात." उघडून बघतात? बघितलं तर एक वेळ चालेल, ऐकलं तर?

कॉपी काढायची नव्हतीच. म्हणून नवा पेनड्राइव्ह आणून पुन्हा कट-पेस्ट करायला बसले. हिरवी पट्टी अर्ध्यावर आली आणि लॅपटॉप बंद. अर्धा आजा इकडे आणि अर्धा तिकडे असं झालं की काय? परत चालू केल्यावर बघते तर फाइल होती तिथंच, अख्खी. पेनड्राइव्ह मी कोनाड्यात फेकून दिला आणि परत त्या भानगडीत पडले नाही.

मग मला एक युक्ती सुचली. त्या वेळी मला ती फार हुशारीची वाटली होती, हे लक्षात ठेवा. लॅपटॉपवर ऑफिसचं एक फोल्डर होतं, सरकारी परिपत्रकांचं. शौचालय, पाणलोट, पोषण आहार, एकात एक फोल्डर आणि त्यात फाइली. मी स्वतः त्यातलं एकही वाचलेलं नाही. आजाची फाइल मी त्यात खोल नेऊन ठेवली आणि तिचं नाव बदलून केलं "सुधारित परिपत्रक". म्हटलं, आता कुत्रंसुद्धा हुंगायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

जव्हारच्या बाजारात मंसूरभाईंचं दुकान आहे. त्यांचे अब्बा रेडिओ दुरुस्त करायचे, हे कॉम्प्युटर करतात. मोबाइल रिचार्जचं काउंटर त्यांची बहीण फिरदौस बघते. मी गेले तेव्हा दुकानात दिवाळीची गर्दी, आणि दाराशी एक मोठा स्पीकर गाणी वाजवत होता. मंसूरभाईंनी लॅपटॉप उघडला, बंद पडेपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाले, "पासवर्ड बोला." मी कानात सांगावा तसा हळू सांगितला. त्यांनी तो पांढऱ्या कागदी पट्टीवर मोठ्या अक्षरांत लिहिला आणि झाकणावर चिकटवला.

"हे काय?" मी म्हटलं. "येणारा-जाणारा वाचेल."

"सगळ्यांचे असेच असतात, ताई. बघा." खरंच, मागच्या फळीवर लॅपटॉपांची रांग होती आणि प्रत्येकाच्या कपाळाला त्याचं गुपित चिकटवलेलं. माझी पट्टी मी उपटली. ते हसले आणि कागदावर लिहून खिशात ठेवलं.

"आत काय काय ठेवायचंय?" त्यांनी विचारलं.

आता इथं माझी बुद्धी फिरली. ते फोल्डर जपा असं म्हटलं तर त्यांचं लक्ष तिकडेच जाणार, हो की नाही? म्हणून मी आपलं तोंड सहज करून म्हटलं, "फोटो ठेवा. बाकी काही विशेष नाही."

शेजारी बसायचं तुषारनं सांगितलं होतं. बसलेही. पण थोड्याच वेळात लाइट गेली आणि येईना. दाभोशाची शेवटची जीप भरत आली होती. मंसूरभाई म्हणाले, "जा ताई, टेन्शन घेऊ नका. उद्या देतो." उद्याचा परवा झाला, परवाचा आणखी लांबला, आणि अखेर मी लॅपटॉप आणायला गेले तो दिवस वाघबारशीचा उजाडला. मी म्हटलं, चला, वेळेवर मिळतोय. दुपारी घरी जाऊन मागच्या पडवीत एकटी बसून ऐकेन.

लॅपटॉप नव्यासारखा झाला होता. झटकन चालू, तापणं नाही, फोटो सगळे जागच्या जागी. मी फोल्डर शोधायला लागले. फोल्डर नव्हतं.

"मंसूरभाई, यात परिपत्रकं होती."

"हां, ती गेली. डिस्क खराब होत आली होती, ताई, फॉरमॅट मारून विंडोज नवी टाकली. फोटो सांभाळून काढले तुमचे, एकही गेला नाही. परिपत्रकं काय, सरकार रोज नवी काढतं."

मी तिथल्या स्टुलावर बसले आणि रडायला लागले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मंसूरभाई गोंधळून फिरदौसकडे बघायला लागले. सरकारी परिपत्रकासाठी रडणारी बाई त्यांनी जन्मात बघितली नसणार. फिरदौसनं पाणी दिलं आणि विचारलं, "नोकरी जाईल का तुमची?" मी नाही म्हटलं. "मग साहेब ओरडेल?" तेही नाही म्हटलं. मग ती पण गोंधळली.

"थांबा, थांबा," मंसूरभाई म्हणाले. "पुसलेलं परत येतं. पूर्ण नाही, पण येतं." त्यांनी माझ्या लॅपटॉपची डिस्क काढून स्वतःच्या मोठ्या कॉम्प्युटरला जोडली आणि काहीतरी चालू केलं. पट्टी हळूहळू सरकत राहिली. बराच वेळ गेला. मग पडद्यावर फाइलींची लांबच लांब ओळ आली. "घ्या. आल्या. पण नावं जातात हं यात. नुसते आकडे. तुमचं परिपत्रक कसलं होतं? कागदाचं ना?"

"आवाजाचं," मी म्हटलं.

ते वळले. "आवाजाचं परिपत्रक?"

"आहे एक."

"बरं. मग आवाजाच्या फाइली एवढ्या आहेत. एकेक लावून ऐकायची, आपली कुठली ते कळेल." आणि त्यांनी माउसवर हात ठेवला.

मी त्यांचा हात धरला. भर दुकानात परक्या माणसाचा हात धरला, तेव्हा समजा माझं काय झालं असेल. "ऐकायचं नाही," मी म्हटलं.

"मग ओळखायचं कसं?"

मी फाइल लपवली म्हणून ती गेली, नाव बदललं म्हणून कुणी वाचवली नाही, आणि आता नाव उरलं नाही म्हणून ऐकावीच लागणार. जे होऊ नये म्हणून एवढं केलं, तेच माझ्या पुढ्यात वाढून ठेवलेलं. शेवटी मी सगळं सांगितलं. पाला नाही, नियम सांगितला. आजा, तोंड, कान, मडकं, वाघबारस. नियम सांगितला तर चालतं का, तेही मला ठाऊक नव्हतं, पण आता नाइलाज होता. मला वाटलं ते हसतील.

ते हसले नाहीत. त्यांनी शर्टाची डावी बाही वर केली आणि मनगट माझ्यापुढं धरलं. "ढवळूबाबा तुमचे आजोबा? हे त्यांनी बसवलंय. शाळेत असताना पडलो होतो, अब्बा घेऊन आले होते दाभोशाला. एक बाई होती, गरम पाला आणून द्यायची. एक शब्द बोलली नाही."

"माझी आई," मी म्हटलं.

ते उठले. कपाटातून हेडफोन काढले, कॉम्प्युटरच्या पुढच्या भोकात खोचले, माझ्या कानांवर घट्ट बसवले, बाहेरची गडबड एकदम बंद झाली. "तुमचा कान, तुमचे आजोबा. मी समोर चहा प्यायला जातो. फिरदौस, इकडे यायचं नाही." दाराशी वाजणारी गाणी बंद केली आणि रस्ता ओलांडून चहाच्या टपरीवर जाऊन, इकडे पाठ करून उभे राहिले. इतका साधा उपाय मला आधी सुचला नव्हता. मंसूरभाईंबद्दल मनात जे जे आणलं होतं त्याची लाज वाटली.

मी पहिली फाइल लावली. काही ऐकू आलं नाही. दुसरी लावली, काही नाही. तिसरी, तेच. पडद्यावर वेळेचे आकडे नुसते पळायचे आणि कानात शांतता. मला वाटलं फाइली परत आल्या त्या रिकाम्या, टरफलं आली आणि दाणे गेले. तरी एकेक लावत राहिले. डोळ्यांतून पाणी चाललं होतं. शेवटच्या काही उरल्या तेव्हा देवाला, वाघोबाला, सगळ्यांना एकदम हाक मारली. कोण कुठल्या कामाचा ते त्या वेळी कुणाला कळतंय.

एक फाइल लावली, तिच्यातही काही नाही. मी मान वर केली तर समोरून मंसूरभाई धावत येताना दिसले. दोन्ही कानांत बोटं खुपसलेली, तोंड उघडं, काहीतरी ओरडत होते. रस्त्यात एक मोटरसायकल करकचून थांबली, तिचंही त्यांना काही नव्हतं. मला वाटलं माणसाला काही झालं की काय. ते दारात आले. हात कानांत, म्हणून डोक्यानं स्पीकरकडे खुणा करत होते. मी हेडफोन काढले.

आजा बोलत होता.

माझ्या कानात नाही. दाराशी, त्या मोठ्या स्पीकरवर, सबंध बाजाराला ऐकू जाईल असा बोलत होता. पुढचं भोक बिघडलेलं होतं, सगळा आवाज मागच्या वायरीनं स्पीकरला जात होता, हे मला नंतर कळलं. मला शांतता आणि बाजाराला सगळं. दुकानापुढं माणसं थांबली होती. पणत्यांची टोपली घेतलेली एक बाई, कंदील घेतलेले दोघं, एक जीपवाला. मला बंद करायचं होतं. माउस हातातच होता. पण तो आजाचा आवाज होता हो, धडधाकट, मधूनच कफ अडकणारा. लकव्यानंतर पहिल्यांदा ऐकत होते. माझं बोट हललं नाही.

"पाला तठला घ्यायचा," आजा म्हणत होता. "पोरी, तुझी आय एकदा रडली. देवानंदाला पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी. लाकडाला जाते म्हणून गेली आन एका झाडाखाली बसून रडली. मी बघितलां. तिला ठावं नाय. मी कोनाला बोललो नाय. तिच्या डोक्यावर ज्याची सावली व्हती, त्याचाच पाला. दुसऱ्याचा नाय चालत. ती तुला नेईल. सुकरीला मी काही दिलां नाय, नुसती राबवली. एवढां देतो." मग थोडं थांबून म्हणाला, "हे बंद कसां करायचां?" आणि बराच वेळ वाऱ्याचा आवाज.

मग जीपवाला म्हणाला, "कुठल्या नाटकातलं आहे हे?" हळूहळू माणसं पांगली. पणत्यावाल्या बाईनं मात्र जाताना पदरानं डोळे पुसले.

मी फिरदौसला विचारलं, "मी ऐकायच्या आधी काय म्हणाला?"

"आधी नुसती टिंगटिंग आणि गाणी वाजली, मला वाटलं दुकानाचीच. शेवटी आजोबा खोकले. मग म्हणाले, 'चालू झालं का हे?' एवढंच."

मंसूरभाईंनी आता कानांतली बोटं काढली. "मी खोकला ऐकला, ताई. तेवढ्यावरून समजलो आणि पळालो. पुढचं काही ऐकलं नाही, अल्लाची शपथ." त्यांचा चेहरा इतका पडला होता की मलाच त्यांची समजूत घालावी लागली. फाइल त्यांनी माझ्या लॅपटॉपवर घालून दिली आणि स्वतःच्या कॉम्प्युटरवरची माझ्या हातानं पुसायला लावली. "तुम्हीच पुसा. नंतर मनात शंका नको." नाव काय द्यायचं विचारलं. मी म्हटलं, "आजा." आता काय लपवायचं राहिलं होतं.

जीपमध्ये माझं डोकं नुसतं भणभणत होतं. तिसरा कान सोडा, तिसावा कान झाला असेल. मग गुण गेला का? पण आजानं झाडाचं नाव घेतलंच नव्हतं. ज्यांनी ऐकलं त्यांना काय कळलं? काहीच नाही. मग ते ऐकणं झालं की नाही? आणि मी ऐकलं त्यातून मला तरी काय कळलं? माझी आई कुठं रडली ते मला कुठं माहीत. म्हणजे माझाही कान मडकंच. आजानं असा पाला ठेवला होता की भर बाजारात ओरडून सांगितला तरी कुणाच्या हाती लागू नये, आणि मी वेडी तो परिपत्रकांत लपवत बसले.

जीप दाभोशाचा उतार उतरायला लागली तेव्हा मला खरं काय ते उमगलं. पाला कुठं गेला नव्हता. बाजारात जे गेलं ते दुसरंच होतं. माझ्या आईनं जे अख्ख्या पाड्यापासून लपवलं, ज्याच्यासाठी दगड म्हणवून घेतलं, आजानं बघून इतकी वर्षं पोटात ठेवलं, ते तिचं रडणं मी स्पीकरवर लावलं होतं. हे तिला सांगायचं कसं? न सांगावं तर पाला मिळत नाही आणि दिवस मावळायच्या आत तर घ्यायचा.

घरी आले तर आई अंगणात वाघोबासाठी नारळ आणि तांदूळ ताटात मांडत होती. आजा दाराशी खाटेवर भिंतीला टेकून बसलेला. आडून आडून बोलणं मला जमत नाही. मी चप्पल न काढताच विचारलं, "आई, बाबाला पोचवल्यावर तू कुठं बसून रडली होतीस?"

तिचा हात ताटावर थांबला. मग उठून आजासमोर जाऊन उभी राहिली.

"बघितलं होतं?" तिनं विचारलं.

"हां," आजा म्हणाला. मान खाली-वर हलली. हो.

"आणि बोलला नाही कुणाला."

"हां." मान डावी-उजवी हलली. नाही.

मी म्हटलं, आता सांगायलाच हवं. दुकानातलं सगळं सांगितलं, स्पीकरचं, बाजाराचं, पणत्यावाल्या बाईचं. आजानं तिच्याबद्दल म्हटलं होतं, काही दिलं नाही, एवढं देतो, तेही सांगितलं. म्हटलं, चूक माझी आहे, मार हवं तर. तिनं ऐकून घेतलं. आजाच्या खांद्यावरून घसरलेलं घोंगडं नीट केलं, त्याच्या ओठांच्या कडेची लाळ पदरानं पुसली. मग वळचणीतला विळा काढला आणि चालायला लागली. मी मागं.

कुठल्या वाटेनं गेलो ते सांगणार नाही, तुम्ही विचारूही नका. ऊन तिरपं झालं होतं. आई एकदाही थांबली नाही, एकदाही वाट चुकली नाही. झाडाखाली आल्यावर तिनं खोडाला हात लावला.

"हेच का?" मी विचारलं. "कशाचं झाड आहे हे?"

"नाव मला ठाऊक नाही," आई म्हणाली. "सावली ठाऊक आहे."

नाव मला ठाऊक होतं. त्या झाडाखालून मी शाळेत गेलेय, आणि ते ह्या कामाचं असेल असं मला शंभर जन्मांत वाटलं नसतं. मी पाला तोडला, फडक्यात बांधला. गुण राहिला की गेला ते कुणाचं तरी हाड मोडल्याशिवाय कळायचं नाही, आणि त्यासाठी कुणाचं मोडावं असं तर म्हणता येत नाही. आजाला विचारलं तर तो हां म्हणेल.

परत निघताना बघते तर आई खाली बसलेली. खोडाला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन. विळा बाजूला ठेवलेला.

"तू हो पुढं," ती म्हणाली. "मी येते."

मला पुष्कळ विचारायचं होतं. मी फडकं छातीशी धरलं आणि चालायला लागले. मागून आवाज आला तेव्हा पावलं आपोआप भरभर पडायला लागली, ऐकू येणार नाही इतकी लांब. मी वळून बघितलं नाही.